आधी पट्टी फिरवा, मग गोणी फोडा

प्रश्न : दोन खोल्यांमधली भिंत काढून एकच मोठी खोली केली आहे, साधारण ७.५ मीटर बाय ३.६ मीटर. जुन्या फरश्या उखडल्या, खाली सिमेंटचा कोबा लागला. भिंत होती त्या पट्ट्यात ६ मिमीचा उंचवटा आहे, एका खोलीच्या मध्यावर ८-९ मिमी खोलगट आहे आणि एक कोपरा तर १४ मिमी खाली गेलाय. ६०० बाय १२०० मिमीच्या, ९ मिमी जाडीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणून ठेवल्या आहेत. मिस्त्री म्हणतात, "काळजी करू नका, मसाल्यात सगळं घेऊन टाकतो." दुसऱ्या एकांचा सल्ला असा, की खोलीभर सेल्फ लेव्हलिंग (पातळ ओतून पाणसळीत बसणारा सिमेंटचा माल) ओतल्याशिवाय टाइलला हात लावू नका. कोणाचं ऐकावं?

उत्तर : दोघांचंही जसंच्या तसं नको. मिस्त्री सांगतात त्या पद्धतीने टाइल बसेल, पण टिकणार नाही. दुसऱ्या सल्ल्याने टिकेल, पण तुम्ही गरजेपेक्षा कितीतरी जास्त माल जमिनीत घालाल. तुमच्या जमिनीचं निम्मं काम भरण्याचं नाही, काढण्याचं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करून घ्या. जमीन सपाट असणं आणि पाणसळीत असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा १०-१२ मिमीचा उतार असेल, तरी मोठी टाइल त्यावर व्यवस्थित बसते, कारण पृष्ठभाग सरळ आहे. तिला चालत नाही ते पोट आणि पाठ, म्हणजे मध्येच खोल, मध्येच वर. ज्या टाइलची एक तरी बाजू ३८० मिमी किंवा त्याहून मोठी आहे, तिच्याखालच्या जमिनीत ३ मीटर लांबीत ३ मिमीपेक्षा जास्त आणि ६० सेंटिमीटरमध्ये १.५ मिमीपेक्षा जास्त फरक नसावा, असा दंडक आहे. लहान टाइलला ३ मीटरमध्ये ६ मिमीपर्यंत चालतं. मिस्त्रींचा हात लहान टाइलवर बसलेला असेल, तर त्यांना तुमची जमीन "एवढी काही वाईट नाही" असं प्रामाणिकपणे वाटत असणार.

आता मसाल्यात घेण्याविषयी. मसाला म्हणजे वाळू-सिमेंटचा जाड थर आणि वर सिमेंटची स्लरी असेल, तर ती पद्धत पाणी पिणाऱ्या फरशीसाठी आहे. दगड किंवा साधी सिमेंटची लादी स्लरी ओढून घेते आणि पकडते. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या ०.५ टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. तिच्या पाठीवर स्लरी नुसती वाळते आणि काही महिन्यांनी टाइल बद्द वाजू लागते. मसाला म्हणजे टाइल ॲडेसिव्ह असेल, तर अडचण वेगळी. नेहमीचं ॲडेसिव्ह ३ ते ६ मिमी थरासाठी बनवलेलं असतं. एका कोपऱ्याखाली ३ मिमी आणि दुसऱ्याखाली १२ मिमी थर दिला, तर वाळताना जाड थर जास्त आकसतो आणि तो कोपरा खाली ओढतो. संध्याकाळी बोट फिरवून एकसारख्या लागलेल्या कडा सकाळी खालीवर झालेल्या असतात, त्या यामुळेच. जाड थरासाठीही ॲडेसिव्ह मिळतं, पण ते टाइलमधला फरक जुळवायला वापरायचं, जमिनीतले खळगे बुजवायला नाही. आणि पाच ठिकाणी गोळे ठेवून वर टाइल दाबायची पद्धत कोणी सुचवली, तर थेट नाही म्हणा. गोळ्यांच्या मधल्या पोकळीवर खुर्चीचा पाय आला किंवा जड वस्तू पडली, की टाइल तिथेच फुटते.

जमिनीचा नकाशा

तुम्ही दिलेले तीन आकडे उपयोगाचे आहेत, पण पुरेसे नाहीत. अडीच-तीन मीटरची ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी घ्या. ती स्वतः सरळ आहे का ते आधी बघा. भिंतीवर तिच्या कडेने रेघ मारा, मग तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने लावून पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर पट्टी सरळ, मध्ये फट पडली तर तिचा बाक त्या फटीच्या निम्मा. वाकडी पट्टी घेऊन सरळ जमीन करणं कोणालाच जमलेलं नाही.

मग पट्टी जमिनीवर ठेवून लांबीत, रुंदीत आणि कर्णात अर्ध्या-अर्ध्या मीटरवर सरकवत जा. पट्टी डुगडुगली तर तिच्या मध्याखाली उंचवटा आहे. दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये उजेड दिसला तर खळगा. फट मोजायला १, २, ३ मिमीचे टाइल स्पेसर किंवा पाचरी सरकवून बघा. प्रत्येक जागी खडूने मिलिमीटर लिहा, उंच जागेला अधिक आणि खोल जागेला उणे चिन्ह द्या, आणि त्या जागांची सीमारेषा काढा. अर्ध्या तासात जमीन स्वतःच सांगू लागते. बहुतेक वेळा दिसतं ते असं, की चार मोठ्या खळग्यांची म्हणून ओरड होती, ते खरं तर एका उंचवट्याभोवतीचे उतार आहेत.

तुमच्या बाबतीत भिंतीचा पट्टा हाच तो उंचवटा असण्याची शक्यता मोठी आहे. हिशेब बघा. सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड साधारण १.७ किलो लागतं, एका चौरस मीटरला, एका मिलिमीटर जाडीसाठी. नेमका आकडा गोणीवर असतो, पण तो याच्याच आसपास. खोली २७ चौरस मीटर. तो ६ मिमीचा उंचवटा तसाच ठेवून बाकीची जमीन त्याच्या पातळीला आणायची ठरवली, तर २७ × ६ × १.७ म्हणजे २७५ किलो. २० किलोच्या जवळजवळ १४ गोण्या, आणि खळगे भरायचा माल अजून यात धरलेलाच नाही. तोच उंचवटा म्हणजे ३.६ मीटर लांब आणि हातभर रुंद पट्टा, ग्राइंडरने काही तासांत खाली येतो. शिवाय उंची वाढली की दाराची फळी खालून कापा, बाल्कनीचा उंबरा बुडतो, शेजारच्या खोलीशी पायरी पडते, ही सगळी मालिका मागे लागते. ९ मिमी टाइल आणि ४ मिमी ॲडेसिव्ह मिळून १३ मिमी तर वाढणारच आहेत. त्यात आणखी ६ मिमीची भर कशाला?

भिंत होती तो पट्टा

इथे जरा थांबून काम करा. पुढचा सगळा त्रास बहुतेक याच ठिकाणाहून सुरू होतो. भिंत उभी असताना दोन्ही खोल्यांचा कोबा तिच्या दोन अंगांना येऊन थांबलेला असतो. भिंत काढल्यावर मधली खाच कोणीतरी हाताला येईल त्या मालाने बुजवतो, त्यात विटांचा चुरा आणि गिलाव्याचे तुकडेही जातात. म्हणजे तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या वयाचे थर शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन लांब सांधे आहेत.

हातोडीच्या दांड्याने किंवा लोखंडी सळीने हा पट्टा वाजवत जा. खणखणीत वाजलं तर ठेवा. बद्द वाजलं तर छिन्नीने उकरा आणि घट्ट थर लागेपर्यंत थांबू नका. त्याआधी त्या भिंतीतून विजेची किंवा पाण्याची पाइप खाली जात होती का, याची खात्री करून घ्या. उकरलेली खाच ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा, ओली करून वरचं साचलेलं पाणी टिपून घ्या, सिमेंट आणि बाँडिंग लिक्विडची स्लरी घासून लावा आणि ती ओली असतानाच १:३ सिमेंट-वाळू किंवा तयार रिपेअर मॉर्टर दाबून भरा. स्लरी वाळू दिलीत, तर चिकटवण्याऐवजी ती वेगळं करणारा थर होऊन बसते.

सांध्यांच्या जागी भेग दिसत असेल, तर तिच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा. दोन्ही बाजू एका पातळीत असतील, तर ती आडवी हालचाल आहे. त्यावर क्रॅक आयसोलेशन मेम्ब्रेन, म्हणजे भेगेची हालचाल टाइलपर्यंत पोचू न देणारा लवचीक थर, लावता येतं. नियम एकच, भेगेला स्पर्श करणारी प्रत्येक टाइल पूर्णपणे मेम्ब्रेनवर बसली पाहिजे. अर्धी मेम्ब्रेनवर आणि अर्धी कोब्यावर नको. तुमच्या टाइलच्या मापाने हा पट्टा मीटरभराहून रुंद होईल. एक बाजू वर आणि दुसरी खाली असेल, नखाला पायरी लागत असेल, तर ती भेग मेम्ब्रेनच्या आवाक्यातली नाही. तिथे टाइलचं काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. काढलेली भिंत भार घेणारी होती का, हा प्रश्नही तेव्हाच त्यांना विचारा.

काढणं

१२५ मिमीचं ग्राइंडर, त्याला डायमंड कप व्हील, वर धूळ ओढणारं आवरण आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम. आवरणाशिवाय हे काम घरात करू नका. काँक्रीटची बारीक धूळ फुफ्फुसात कायमची बसते, म्हणून नाकावर एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा, नुसता रुमाल पुरत नाही. जमिनीवर जुन्या विनाइल टाइल्स किंवा त्यांचा काळा गोंद असेल, तर तो कोरडा घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्यावं लागतं.

ग्राइंडर एका जागी दाबून धरू नका, गोल फिरवत सरकवा. दर काही मिनिटांनी पट्टी लावा. उंचवट्याचा माथाच तेवढा कापला, की शेजारी नवी कड तयार होते, त्यामुळे उतार दोन्हीकडे फूट-दीड फूट लांबवत न्या. १० मिमीहून मोठा गोळा असेल तर छिन्नीने आधी फोडा, पण जड ब्रेकरने ठोकून नाही. त्याने खालचा चांगला कोबाही सैल होतो.

उखडलेल्या फरशीखालचा जुना मसाला, रंगाचे थेंब, पुट्टी, तेलाचे डाग, हे याच वेळी निघालं पाहिजे. झालं का, ते पाण्याच्या थेंबाने कळतं. जागोजागी थेंब टाका. मिनिटाभरात मुरले तर पृष्ठभाग मोकळा आहे. मण्यासारखे उभे राहिले तर खाली काहीतरी आहे, पुन्हा घासा.

खोली तळमजल्यावर असेल तर ओलही बघून घ्या. ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास राहू द्या. आतून पाणी धरलं किंवा खालचा कोबा काळपट पडला, तर आधी ओलीचा बंदोबस्त. नवीन भरलेलं काँक्रीट असेल तर २८ दिवस जाऊ द्या.

भरणं

घासून झाल्यावर पुन्हा नकाशा करा, पहिला पुसून टाका. आता १४ मिमीचा कोपरा कदाचित ९-१० मिमीचाच राहिला असेल. तो आधी वेगळा घ्या. प्रायमर लावून रिपेअर मॉर्टरने पट्टी ओढत भरा, आजूबाजूच्या पातळीपेक्षा २-३ मिमी कमी ठेवा. तेवढं शेवटच्या थराला सोडायचं.

उरलेल्या खोलगट भागाला सेल्फ लेव्हलिंग. समजा १४ चौरस मीटर भाग, सरासरी ४ मिमी. १४ × ४ × १.७ म्हणजे ९५ किलो, पाच गोण्या. सहा आणा. ओतताना माल कमी पडला, तर अर्ध्या तासाने दुसरा थर जिथे येऊन मिळतो तिथे कायमची कड राहते, आणि मग तीच घासत बसावं लागतं.

प्रायमर चुकवू नका. कोरडा कोबा लेव्हलिंगमधलं पाणी घटकाभरात ओढून घेतो. मग माल वाहत नाही, वर बुडबुडे फुटून टाचणीएवढी भोकं राहतात आणि थर पोपड्यासारखा सुटतो. प्रायमर ब्रशने किंवा रोलरने एकसारखा लावा, खळग्यात डबकं साचू देऊ नका. पहिला हात लगेच पिऊन टाकला, तर दुसरा द्या. किती वाळू द्यायचा ते डब्यावर असतं. काही प्रायमर हाताला चिकट लागेपर्यंतच, काही पूर्ण कोरडे.

ओतण्याआधी भिंतींच्या कडेला ५-६ मिमी जाड फोमची पट्टी लावा, दाराशी लाकडी पट्टीचा बांध घाला, पाइपभोवतीच्या फटी बुजवा. हा माल पाण्यासारखा कुठेही जातो. खिडक्या बंद, पंखा बंद, थेट ऊन पडत असेल तर पडदा. वरचा थर आधी वाळला की त्याला जाळीदार भेगा पडतात.

माणसं तीन हवीत. एक कालवतो, एक ओततो, एक पसरतो. बादलीत आधी पाणी, मग पावडर, आणि कमी वेगाच्या मिक्सरने दोन-तीन मिनिटं. पाणी मापानेच. गोणीवर ४.८ लिटर लिहिलं असेल तर ४.८ लिटर, "जरा पातळ करा, छान पळेल" म्हणून पाच-साडेपाच नाही. जास्त पाण्यात वाळू खाली बसते आणि वर दुधावर येते तशी साय धरते. वाळल्यावर त्या जागी खिळ्याने ओरखडा मारून बघा, पांढरी भुकटी निघते. टाइल त्या भुकटीला चिकटलेली असते, जमिनीला नाही.

नावात सेल्फ असलं तरी तो आपोआप जात नाही. कालवल्यापासून हाताशी १५-२० मिनिटं असतात. दूरच्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे या. एक बादली ओतली की तिच्या ओल्या कडेला लगेच दुसरी, फावडीने किंवा गेज रेकने (थराची जाडी राखणाऱ्या दाताळ्याने) ढकला, मग काटेरी रोलर फिरवून हवा काढा. घट्ट होऊ लागलेल्या मालावर पुन्हा थापी फिरवू नका, ओरखडे तसेच राहतात.

एक अट ध्यानात ठेवा. हा माल पाणसळीत जाऊन बसतो. तुमच्या खोलीला एका बाजूला मोठा पण एकसारखा उतार असेल, तर तो सगळा माल त्या बाजूला धावेल आणि गोण्या मोजता मोजता थकाल. तसं असेल, किंवा सरासरी भर २५-३० मिमीहून जास्त निघाली, तर वाळू-सिमेंटचा स्क्रीड, म्हणजे पट्टीने सरळ ओढलेला जाड थर, बरा. १:४, जाड वाळू, पाणी इतकंच की मूठ वळेल पण बोटांतून पाणी सुटणार नाही. खाली ओली बाँडिंग स्लरी, दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्यांचे रूळ, त्यांच्यावरून रंधा ओढायचा. मात्र वजनाचं भान हवं. दर सेंटिमीटरला चौरस मीटरमागे सुमारे २० किलो भार वाढतो. वरच्या मजल्यावर ५ सेंटिमीटर भरायचं म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. आणि बाथरूमसारख्या ढाळ हवा असलेल्या जागी सेल्फ लेव्हलिंग आणूच नका.

टाइल उचलण्याआधी

लेव्हलिंग किती तासांनी टाइल झेलेल ते गोणीवर असतं, काहींना चार तास पुरतात, काहींना पूर्ण दिवस लागतो. पट्टी तिसऱ्यांदा फिरवा. रोलरच्या खुणा, दोन बादल्यांच्या कडा घासून घ्या, धूळ काढा.

मग आणलेल्या टाइल्सपैकी दोन तोंडाला तोंड लावून ठेवा. लांब टाइल बऱ्याचदा मध्यावर किंचित फुगीर असते. तशी असेल तर मध्ये टेकेल आणि टोकांना फट दिसेल. त्या फटीचा निम्मा भाग एका टाइलचा बाक. हा बाक असताना विटांसारखी अर्ध्यावर जोड मांडलीत, तर एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खाली असलेल्या कोपऱ्याशेजारी येतो आणि सपाट जमिनीवरही कडा खालीवर होतात. जोड सरकवायची असेल तर टाइलच्या एक-तृतीयांशापर्यंतच. सरळ रेघेत मांडलेली सगळ्यात सोपी.

ॲडेसिव्ह सी२ वर्गाचं (सिमेंटचं, जास्त पकडीचं) घ्या. १०-१२ मिमी खाचांच्या थापीने ते एकाच दिशेला, टाइलच्या लहान बाजूला समांतर ओढा, म्हणजे दाबताना हवा जवळच्या कडेने निघून जाते. टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्या. पहिल्या दोन-तीन टाइल्स बसवल्या की लगेच उचलून पाठ बघा. कोरड्या खोलीत किमान ८० टक्के भाग माखलेला हवा आणि चारही कोपरे भरलेले हवेत. ओल्या जागी ९५ टक्के. खाचांच्या रेघा तशाच दिसत असतील तर दाब कमी पडतोय, किंवा ॲडेसिव्हवर साय आली आहे.

लेव्हलिंग क्लिप वापरा, पण त्यांचं काम ओल्या ॲडेसिव्हमध्ये शेजारच्या कडा एका रेषेत धरून ठेवणं एवढंच. खळग्यावरची टाइल क्लिपने वर ओढलीत, तर ती ॲडेसिव्हपासून सुटते आणि खाली पोकळी राहते. तुमच्या मिस्त्रींकडे क्लिपची पिशवी असेल आणि तिच्यावर भरवसा ठेवून ते घासणं टाळत असतील, तर त्यांना खडूने लिहिलेले आकडे दाखवा.

दोन टाइल्समध्ये निदान ३ मिमीची फट ठेवा आणि भिंतीपाशी सगळीकडून किमान ६ मिमी. तुमच्या ७.५ मीटर लांबीत एक लवचीक सांधाही हवा, आणि त्याची जागा जमिनीनेच ठरवून दिली आहे. भिंतीच्या पट्ट्यावर घातलेल्या मेम्ब्रेनची कड जिथे संपते, तिथली फट ग्राउटने न भरता ग्राउटच्याच रंगाच्या सिलिकॉनने भरा. भिंतीपाशीची फट मात्र मोकळीच राहू द्या, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. उरलेलं ॲडेसिव्ह तिथे कोंबायची सवय काहींना असते, त्या दिवशी तिथे उभे राहा.